जरा पाणी आणता का?

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला सगळे साबणबाई म्हणत आणि ते तिला ठाऊकही होतं. हात न धुता आत येणाऱ्या नातेवाइकाला ती दारातूनच परत पाठवायची, मग तो कुणी का असेना. एकदा तर तिने मोठ्या डॉक्टरांनाही बेसिनकडे बोट दाखवलं होतं आणि तेही मुकाट्याने गेले होते. चिडणारे चिडत, पण तिच्या वॉर्डात एकाचा आजार दुसऱ्याला लागला असं सहसा घडत नसे, त्यामुळे चिडून पुढे करणार काय!

तिची खरी हुशारी मात्र साबणात नव्हती, विचारण्यात होती. नवा पेशंट आला की सोबतचं माणूसच पटापट उत्तरं देतं. बायकोला विचारावं तर नवरा बोलतो, बापाला विचारावं तर मुलगा. पेशंट बिचारा माना डोलावतो. साबणबाईने यावर एक तोडगा काढला होता. बोलता बोलता ती खाटेजवळची पाण्याची बाटली बेसिनमध्ये ओतायची आणि रिकामी बाटली सोबतच्या माणसाच्या हातात देऊन गोड आवाजात म्हणायची, "जरा पाणी आणता का?" पिण्याच्या पाण्याचा नळ व्हरांड्याच्या पार टोकाला. तेवढ्या वेळात ती स्टूल ओढून बसायची आणि हळूच खरा प्रश्न विचारायची. दारू किती होते, गोळ्या कधी सोडल्या, अंगावरचा वळ कसला, सगळं त्या बाटलीभर वेळात बाहेर यायचं.

धाकट्या सिस्टरला तिनेच शिकवलं होतं. आधी बघायचं, मग विचारायचं, मग हात लावायचा. उभ्याने विचारायचं नाही. आणि विचारून झालं की तोंड बंद ठेवायचं, कारण गप्प बसलेल्या माणसासमोर पेशंटला गप्प बसवत नाही.

अशी ही बाई गेले कित्येक दिवस स्वतःच खोकत होती.

सुरुवातीला तिने फरशीच्या औषधाला दोष दिला. मग हवेला दिला. सकाळी उशीची खोळ घामाने ओली निघायची तेव्हा उकाड्याला दिला. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर क्षयासाठी थुंकी तपासायची, हे तिने आयुष्यभर लोकांना दरडावून सांगितलं होतं. स्वतःची वेळ आली तेव्हा तपासणीच्या खोलीवरून ती दुसरीकडे बघत जाऊ लागली.

कारण घरात नात होती. लेकीला पहिलं मूल, तेही किती वर्षं वाट पाहून झालेलं. लेकीची रजा संपत आली होती आणि नंतर पोरीला आजीनेच सांभाळायचं हे कधीचंच ठरलेलं होतं. तपासणीत भलतंसलतं निघालं तर पोर हातातून जाणार, ही एक भीती. आणि दुसरी भीती इतकी मोठी होती की ती मनातसुद्धा पुरती उच्चारायची नाही. पोरीला आपल्यामुळे आधीच काही झालं असेल तर? पोर शिंकली तरी ती हातातलं काम टाकून तिचा श्वास ऐकत उभी राहायची. रोज संध्याकाळी पोरीला न्हाऊ घालण्याआधी ती कोपरापर्यंत हात धुवायची, पुन्हा धुवायची, तोंडाला मास्क लावायची आणि मान वळवून पाणी घालायची. लेक हसायची, म्हणायची की आई घरातही ड्यूटीवरच असते. ती पण हसायची. हा आजार हातांतून जात नाही, श्वासातून जातो, हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत होतं? तरी तपासणी टाळून ती हातच धूत राहिली.

त्या दिवशी दुपारी लेक पोरीला लस टोचून घ्यायला दवाखान्यात आली आणि जाता जाता आईला भेटायला सिस्टरांच्या खोलीत डोकावली. धाकटी सिस्टर तिथेच कापसाचे बोळे भरत बसली होती. साबणबाई उठून खिडकीशी गेली. लेकीने पोर पुढे केली, तर तिने हात मागेच ठेवले आणि वॉर्डातले कपडे आहेत अशी सबब सांगितली. बोलतानाच उबळ आली. खिडकीबाहेर तोंड काढून ती बराच वेळ खोकली.

"काही नाही हो," लेक धाकटीला सांगू लागली, "आईला त्या फिनेलचा त्रास होतो. जेवण, झोप, सगळं व्यवस्थित आहे तिचं."

धाकटीने वर पाहिलं. साबणबाईच्या गणवेशाच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं, कात्रीने, वेडंवाकडं. मग धाकटी उठली, टेबलावरची भरलेली बाटली बेसिनमध्ये उपडी केली आणि रिकामी बाटली लेकीच्या हातात दिली.

"ताई, जरा पाणी आणता का? बाळालाही न्या, बाहेर मोकळी हवा आहे."

लेक पोरीला कडेवर घेऊन गेली. धाकटीने दार लावलं, खिडकीची उरलेली दारं सताड उघडली, स्वतः मास्क लावला आणि एक साबणबाईपुढे धरला. मग स्टूल ओढून ती बाजूला बसली.

"खोकला कधीपासून आहे?"

"हवा बदलली ना, म्हणून."

धाकटी गप्प राहिली. साबणबाईला तिचा राग आला, कारण पुढे काय होणार ते तिला नेमकं माहीत होतं. बाहेर नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाटली भरायला फार वेळ लागत नाही.

"पोरगी जन्मायच्या आधीपासून," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"घरात लहान मूल आहे?"

धाकटीला ते माहीत होतं. तरीही हा प्रश्न विचारायचाच असतो आणि उत्तर पेशंटच्या तोंडूनच घ्यायचं असतं.

"आहे. रोज मीच न्हाऊ घालते तिला."

धाकटीने मान हलवली. थुंकी आजच तपासू, ती म्हणाली. बाळालाही आजच दाखवायला हवं, लागलंच तर अशा लहानग्यांना आधीच औषध सुरू करतात. साबणबाईने हे शब्द कित्येक आयांना सांगितले होते, पण ऐकणाऱ्याला ते कसे लागतात हे तिला आज कळलं.

व्हरांड्यात लेकीच्या चपला वाजल्या, मग दाराची कडी हलली. साबणबाईने मास्क नाकावर घट्ट दाबला आणि आतूनच दार धरून ठेवलं.

"आत येऊ नकोस," ती म्हणाली. "बाटली तिथेच ठेव. पोरीला घेऊन लहान मुलांच्या डॉक्टरांकडे चल. मी येते मागून, लांबून."

"का गं आई? काय झालं?"

साबणबाई दाराला पाठ लावून उभी राहिली आणि मग तिने लेकीला सगळं सांगायला सुरुवात केली.