भासऱ्याचं तोंड

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात अजूनही एखादा म्हातारा मला थांबवतो आणि विचारतो, मौतच्या कुव्यातली बाई तुम्हीच ना जी? मी हो म्हणते. मग तो सोबतच्या नातवाला सांगू लागतो की ही बाई उभ्या भिंतीवर फटफटी चालवायची, तीही हात सोडून, हिचं काळीज वाघाचं. काळजाचं मला ठाऊक नाही. मी त्या भिंतीवर चढले ती एका माणसाचा सूड घ्यायला, आणि तो मी घेतला. हे सांगितलं की लोक ओशाळतात, म्हणून सहसा बोलत नाही. आता लिहूनच टाकते.

तो माणूस म्हणजे माझा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर उभी राहत नसे. तो अंगणात आला की तिनं आत जायचं, वाटेत दिसला तर पाठ फिरवायची, त्याच्याशी बोलायचं नाही, आपली सावलीही त्याच्यावर पडू द्यायची नाही. त्या घरात नांदले तेवढा काळ मी त्याचे फक्त पाय पाहिले आणि आवाज ऐकला. पाय रुंद, टाचा भेगाळलेल्या. आवाज जड, सगळं ठरवून झाल्यावर बोलणाऱ्याचा.

माझा नवरा अगदी वेगळा. घराणं तळी बांधणाऱ्यांचं, शेती धानाची, पण याचं मन यंत्रात. स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी तो नागपूरहून लष्कराच्या लिलावातली एक जुनी फटफटी घेऊन आला. रंग मातकट हिरवा, पेट्रोलच्या टाकीला डाव्या अंगानं खोल पोचा. एकदा त्यानं सहज विचारलं, शिकतेस का? मी हसले, आणि त्यानं ते हो धरलं. पहाटे गाव उठायच्या आत तो मला तलावाच्या पाळीवर नेई. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धानशेतांच्या खोल बांध्या, मध्ये बैलगाडीपुरती वाट. लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला की दोन्हीकडे पाय टाकून नीट बसता येई. तो मागं बसून सांगायचा, "खाली पाहू नोको. जिकडं जाचं हाये तिकडं पाह्य." पुढं ते गावाला कळलं, सासूला कळलं, पण नवऱ्यानं कोणाला जुमानलं नाही.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो तापानं गेला. तेरवीला पाहुणे जेवून अंगणात बसले होते तेव्हा भासरा बोलला. मी दाराआड होते, पदर छातीपर्यंत ओढलेला.

"इनं खाल्लन माया भावाले," तो म्हणाला. "बाईच्या जातीनं फटफटीवर टांग टाकली तवाच मी समजलो होतो. इले आता या घरात ठेवाचं नाही."

माझी जाऊ, म्हणजे त्याची बायको, पत्रावळी उचलत राहिली. मला सांगायचं होतं की तो ताप गावात आणखी घरांत होता, आणि त्या घरांतल्या बायका काही फटफटीवर बसत नव्हत्या. पण भासऱ्याशी मी जन्मात बोलले नव्हते. पहिला शब्द कुठून काढायचा तेच कळेना. त्याच दिवशी बाबा मला बैलगाडीत घालून माहेरी घेऊन आले.

पुढं भासऱ्यानं नवऱ्याच्या वाट्याची शेती आपल्या नावावर करून घेतली आणि फटफटी विकून टाकली. शेतीचं दुःख बाबांना झालं. माझ्या पोटात जळत राहिलं ते निराळंच. नवऱ्यानं मला दिलेल्या सगळ्यात चांगल्या गोष्टीवर या माणसानं पाहुण्यांसमोर थुंकावं तसं केलं होतं, आणि मी पदराआड गप्प उभी राहिले होते. धान कांडताना, पाणी भरताना मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत असे. दर वेळी नवं उत्तर सुचे. कधी वाटे, त्याच्या भरल्या घराला आग लागावी आणि मी पाळीवर उभी राहून ती पाहावी.

त्या हिवाळ्यात मामेबहिणीसोबत गोंदियाला मेळा पाहायला गेले. तिथं मौत का कुआँ आला होता. लाकडी फळ्यांची भलीमोठी गोल विहीर. लोक बाहेरच्या शिडीनं वर चढून काठावरून आत डोकावत, आणि आत एक माणूस उभ्या भिंतीवर आडवा होऊन फटफटी फिरवत होता. मला आधी आवाज ओळखू आला. मग टाकीवरचा पोचा दिसला.

खेळ सुटल्यावर मी सरळ मालकाकडे गेले. शेठ उत्तरेकडचा, भिंतीवरून पडून एक पाय कायमचा अधू झालेला.

"गाड़ी मेरी है," मी म्हणाले.

"मैंने तो पैसे देकर ली है, बहन."

"तो चलाने दो."

तो हसला नाही. माझ्या कासोट्याकडे त्यानं नीट पाहिलं आणि मैदानात एक चक्कर मारून दाखवायला सांगितलं. मी मारली. मग म्हणाला, घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये, पळून आलेली बाई मी ठेवत नाही.

घरी येऊन बाबांना विचारलं, तर ते बरेच दिवस टाळत राहिले. शेवटी एका सकाळी म्हणाले, "घरात बसून तू जळून राहिली. तेथं पडशील तं दिसशील तरी." आणि स्वतःचं गाठोडं बांधून ते माझ्यासोबत निघाले. पहिला सबंध हंगाम त्यांनी कुव्याच्या माणसांचा स्वयंपाक केला.

शिकवलं शेठनं. तळाशी तिरप्या फळ्या असतात, त्यावर आधी वेग धरायचा, आणि गाडी भिंतीला चिकटली की वेग सोडायचा नाही, घाबरून तर मुळीच नाही. पहिले काही दिवस उतरले की ओकाऱ्या होत. एकदा गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. शेठ म्हणाला, अब जाओ घर. मी गेले नाही. शर्ट-पाटलोण घालायला सांगितली तीही मी घातली नाही. लुगड्यातच बसायचे, आणि लोक तेच पाहायला येऊ लागले. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. भंडाऱ्यापासून देवरीच्या पलीकडं छत्तीसगढच्या गावांपर्यंत आम्ही हिंडलो. टिनाच्या पाटीवर माझं चित्र रंगवलं होतं. नाक माझं नव्हतं, पण लुगडं माझं होतं. बायका लेकरांना माझ्या पायावर घालत. मला त्याचं कौतुक वाटे, नाही असं नाही. पण प्रत्येक गावात काठावरच्या गर्दीत मी एकाच माणसाला उभं करत असे.

सासरच्या गावची मंडई लहान. शेठ तिकडे जायला तयार होईना, म्हणे लाकडं वाहून न्यायचा खर्चही निघणार नाही. मी वर्षामागून वर्षं मागणं लावलं. अखेर एका वर्षी सांगून टाकलं की तिथं कुवा लागला नाही तर मी गोंदियाच्या मेळ्यात गाडीवर बसणार नाही. शेठनं कारण विचारलं. सगळं ऐकून तो म्हणाला, पहले बोलती तो पहले चलते.

भासरा तोवर गावचा सरपंच झाला होता आणि मंडईचा मान त्याचा होता. शेठनं त्याला पंचांसकट पहिल्या खेळाला बोलावून काठावर मानाच्या जागी उभं केलं. माझी पाटी मुद्दाम झाकून ठेवली होती. मग भोंग्यावरून आवाज गेला: "आइए, देखिए, इसी गाँव की बहू, मौत के कुएँ में!" गाव शिडीवर लोटलं. त्या गर्दीतून खाली उतरणं कोणालाच शक्य नव्हतं.

मी डोक्यावर पदर घेऊन आत आले, गाडी सुरू केली आणि भिंतीवर चढले. काठाजवळ गेल्यावर एका हातानं पदर मागं टाकला. याच क्षणासाठी इतकी वर्षं काढली होती. उघड्या डोक्यानं, त्याच्या डोळ्यांत पाहायचं होतं. आणि वर पाहिलं तर मला तो ओळखू येईना. त्याचं तोंड मी पाहिलंच कुठं होतं? आतून काठावरच्या माणसांची फक्त तोंडं दिसतात, पाय दिसत नाहीत. लोक हात लांबवून नोटा धरत होते, मी त्या खेचत फिरत होते, आणि मनात संताप मावत नव्हता की हा समोर असून मला सापडत नाही.

मग एका फेरीला मला माझा नवरा दिसला. केस पिकलेला, गाल बसलेला, पण तोच. तीच भुवई, तीच हनुवटी. गाडी हातभर खाली घसरली. लोक ओरडले. मी वेग दिला, वर आले, आणि तेव्हा समजलं की हाच भासरा. भाऊ भावासारखा असायचाच, पण मला ते कधी सुचलं नव्हतं.

मला दया आली नाही. उलट राग दुप्पट झाला, की हे तोंड याच्याकडे का राहिलं. मी दोन्ही हात सोडले आणि प्रत्येक फेरीला मान वळवून थेट त्याच्याकडे पाहिलं. आजूबाजूचे लोक माझी नजर धरून त्याच्याकडे वळले. थोड्या वेळानं त्यानं खांद्यावरचा शेला ओढून आपलं तोंड झाकून घेतलं. सरपंचानं सुनेसमोर पदर घेतलन, असं कोणीतरी मोठ्यानं बोललं आणि कुवा हसण्यानं दणाणला.

संध्याकाळी जाऊ तंबूत आली. तिनं मला जवळ घेतलं, थोडी रडली. मग म्हणाली की ते घरात तोंड फिरवून पडून राहिले आहेत, जेवले नाहीत, आता तेवढा भोंगा बंद कर.

"त्यांनी तेरवीले अंगणात सांगतलन," मी म्हणाले. "मी भोंग्यावर सांगते. मंडई उठेपर्यंत वाजन."

ती निघाली. दाराशी थांबून मागं न पाहता म्हणाली, "बरं केलंस, पण मी असं बोलली म्हणून कोणाले सांगू नोको." ती गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली, म्हणून लिहिते.

पुढच्या वर्षी गावकऱ्यांनीच कुवा मागितला आणि परवानगी भासऱ्यालाच द्यावी लागली. तो स्वतः पाहायला आला नाही. खरं सांगायचं तर मी त्या वर्षी प्रत्येक फेरीला काठ धुंडाळत होते. एकदा ते तोंड पुन्हा दिसावं, एवढंच वाटे. माणूस नको होता. मंडई उठेपर्यंत ते दिसलं नाही.

भासरा गेल्याचा निरोप आला तेव्हा आमचा मुक्काम देवरीला होता. बाबा म्हणाले, सुतक लागतं, आज गाडीवर बसू नये. मी सुतकाची आंघोळ केली नाही, टाळलं काहीच नाही. दुपारी कासोटा खोचला आणि रोजचा खेळ केला. गर्दी चांगली होती.