पाचटावरची बॅटरीगाडी

माझं लहानपण उसाच्या ट्रॉलीवर, अर्धवट झोपेत गेलं. शिरूर कासारकडचं आमचं रान कोरडं. दसरा झाला की आई-आबा ऊसतोडीला निघायचे आणि मी त्यांच्यासोबत. तिकडं भिजल्या काळ्या रानात ट्रॅक्टर फसायचा. पहाटेच्या धुक्यात मोठं चाक जागीच गरगरायचं आणि पेंगत्या मला वाटायचं, आपण लांब कुठं तरी निघालोय. डोळे उघडावेत तर तेच रान, आणि चाकाखाली पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, टाकणारे आबा.

पुढं मावशीकडं राहून शिकले. मांजरसुंब्याच्या ढाब्यांपुढं नव्या कंपन्यांच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या थांबू लागल्या, त्या दिवसांत मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट म्हणून बॅटरीवरची गाडी केली. टेबलाएवढी, चार चाकांना चार मोटरी, आणि प्रत्येक चाकाला वेग कळावा म्हणून सायकलचा डायनॅमो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरलं, म्हणजे ते घसरतंय. सर्किट तेवढ्याच चाकाचा करंट कमी करायचं. नापास झाले तर शिक्षण बंद आणि लग्न, हे घरात ठरलेलं होतं.

परीक्षेच्या दिवशी आबा धुतलेली टोपी घालून आले. वर्कशॉपमागं मी काळी माती भिजवून चिखल केला होता. आबांना तिथं बसवून मी परीक्षकांना आणायला गेले. आलो, गाडी सोडली. ती सळसळत, नाव पाण्यावरून जावी तशी पलीकडं गेली. मी बघतच राहिले.

परीक्षक म्हणाले, "चाक घसरलंच नाही. मग तुझं सर्किट करतं काय?"

"घसरंल कसं, सायेब?" आबा म्हणाले. "शेजारच्या रानातलं पाचट टाकून चिखलात तुडवलंय म्या. पोरीची गाडी फसू न्हाई म्हून."

"आबा, ती फसायलाच पायजे."

"येडी हायस का? फसवायला शिकलीस व्हय एवढं?"

परीक्षक हसले. "काका, पाचट काढा. नाहीतर मार्क तुम्हालाच द्यावे लागतील."

आबांनी पुटपुटत चिखलातलं पाचट उपसलं. गाडी उघड्या चिखलात शिरली. पुढचं डावं चाक गरगरलं, शिंतोडे उडाले, आणि मग ते हळू झालं. इतकं हळू, की पेंग यावी.

"बंद पडलं काय गं, माय?" आबांनी मला विचारलं.

"न्हाई. माती धरतंय."

बाकीची तीन चाकं रेटत होती. डावं चाक सावकाश, न घसरता फिरू लागलं. गाडी चिखलातून वर आली आणि कोरड्या जमिनीवर जाऊन थांबली. परीक्षकांनी ती अजून दोनदा चिखलात घालून पाहिली. दोन्ही वेळा निघाली.

मी पास झाले. लग्नाचा विषय मागं पडला. आमच्या घराण्यातली पहिली इंजिनिअर मी आहे.