मधेच बंद पडणारी करवत

दोन हजार सालच्या आसपास आमच्या घरात पेट्रोलवर चालणारी करवत आली, तेव्हा ती चालवणार कोण यावर वाद झालाच नाही. नवऱ्याचा स्वभाव असा, की दोरी दोनदा ओढून इंजिन सुरू झालं नाही तर तिसऱ्यांदा शिव्याच. माझं माहेर मिरकरवाडा बंदरावरचं. वडील लाँचची इंजिनं दुरुस्त करायचे. ग्रीसच्या वासातच मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, चेनला धार कशी लावायची, सगळं माझ्याकडे आलं. आरे-वाऱ्याच्या वाटेवर आमची आंब्याच्या कलमांची बाग. सुकलेल्या फांद्या, बांडगुळं, काम भरपूर. सून करवत चालवते म्हणून गावातली माणसं मुद्दाम बागेच्या दगडी गडग्यापाशी थांबून बघायची. बघा की! मला काय त्याचं?

सासूबाईंना मात्र ती करवत डोळ्यांसमोर नको असे. "केकाटी" म्हणायच्या तिला. पण खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत त्यांनी कसूर केली नाही. कोयता, पहार, कुदळ यांच्या ओळीत करवत मांडली आणि हळदकुंकवाचा असा मारा केला की विचारू नका. चेनची पट्टी, मूठ, टाकीचं झाकण, काही म्हणून सोडलं नाही. मी म्हटलं, "आई, पुरे! ती काय नवरी आहे?" त्या हसल्या नाहीत. आणखी एक बोट टेकवलं नि उठल्या.

पुढच्याच आठवड्यात परतीच्या पावसाने घोळ घातला. एका दुपारी वारा असा सुटला, की गोठ्यामागच्या फणसाची जाडजूड फांदी मोडून थेट छपरावर आली. कौलं फुटली, वासे वाकले आणि फांदीचा शेंडा दारात आडवा पडला. आत तांबडी गाय, दिवस भरत आलेली. सासूबाईंनी तिला वासरू असल्यापासून वाढवलेलं. त्या दारापाशी "हो बाय, हो" करत उभ्या, आणि आतून ती सारखी हंबरतेय. शेजारचे भाऊजी कुऱ्हाड घेऊन धावले. नवरा ओरडला, "घाव घालू नका! हादरा बसला तर छप्पर तिच्या पाठीवर येईल." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

करवत पहिल्याच ओढीला सुरू झाली. दारातल्या डहाळ्या छाटल्या, जाड फांदीला हात घातला, आणि इंजिन घुटमळत घुटमळत बंद. टाकी उघडून पाहिली, पेट्रोल होतं. प्लग काढला, पुसला, बसवला. सुरू! "प्लगच होता," नवरा म्हणाला. थोडं कापलं, परत बंद. पुन्हा टाकीत डोकावले, फिल्टर काढून भुसा झटकला. सुरू! "फिल्टर होता," नवरा म्हणाला. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी म्हटलं, "अहो, आता गप्प बसा, नाहीतर तुम्हालाच दोरी लावून ओढते." तेवढ्यात वर एक वासा करकरला. गाय आणि पोटातलं वासरू, दोन जीव होते हो आत.

डोकं थंड ठेव, मी स्वतःला बजावलं. या वेळी प्लग नाही, फिल्टर नाही. नुसतं टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! बाहेरची हवा आत ओढली गेली. झाकण लावलं, दोरी ओढली, सुरू! म्हणजे आधी दोन्ही वेळा गुण आला तो झाकण उघडल्याचा. झाकणाला हवा आत जायला बारीकसं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल टाकीतून पुढे सरकत नाही आणि इंजिन उपाशी मरतं. करवत बंद करून झाकण निरखून पाहिलं. भोकात हळदकुंकू, तेलात कालवून घट्ट बसलेलं.

"आई!" मी अशी किंचाळले की केकाटी परवडली. "झाकणावर कुंकू कशाला थापलंत?"

"मग? पूजेत हात आखडता घ्यायचा काय गो?"

भांडायला वेळ नव्हता. बांगडीतली सेफ्टीपिन काढून भोक मोकळं केलं, झाकण पेट्रोलने धुतलं, आणि मग करवत चालली ती चाललीच. मी गोठ्यालगतच्या गडग्यावर उभी. नवऱ्याने आणि भाऊजींनी फांदीला दोर लावून वरच्या फांदीवरून ताण दिला. पट्टी अडकू नये म्हणून आधी खालून थोडा काप, मग वरून. एकेक तुकडा दोराने हळूच अंगणात उतरवला. छप्पर कुरकुरलं, पण राहिलं. दार मोकळं झाल्यावर नवऱ्याने आत शिरून दावं सोडलं. गाय पोट सांभाळत बाहेर आली, कुणाकडे ढुंकूनही न बघता त्याच फणसाची पानं खायला लागली. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

मी करवत खाली ठेवली. आता सासूबाई गाईच्या गळ्यात पडणार, असं मला वाटलं. त्या गाईजवळून सरळ पुढे आल्या. माझे दोन्ही हात ओढून घेतले, पदराने तेल नि भुसा पुसला आणि एकेक बोट चाचपायला लागल्या.

"आहेत हो आई, सगळी आहेत," मी म्हटलं.

"गप गो. मला मोजू दे," त्या म्हणाल्या, आणि करंगळीपासून पुन्हा सुरुवात केली.