वहिनींची टेस्ट राइड

गाड्यांच्या गप्पा म्हणजे कसं, एक किस्सा निघाला की मागनं दहा येतात. चौक गावच्या फाट्यावरच्या टपरीवर मी, बाळा आणि नंदू बसलो की सस्पेन्शन, सीट, विंडस्क्रीन, दुसरं काही नाहीच! पण यंदा नंदूचं प्रकरण नाजूक होतं.

त्याला लांबच्या प्रवासाची गाडी घ्यायची होती. गेल्या वर्षी लोधिवलीच्या वळणावर खडीवर घसरून नवरा-बायको पडले, सुरेखावहिनींच्या कंबरेला मार बसला. "एकदाच बसेन," वहिनींनी बजावलं. "भीती वाटली, तर ह्या घरात परत गाडी नाय!" नंदूचा जीव टांगणीला. गाडीशिवाय हा जगणार कसा, आम्हालाच काळजी.

*

बाळाची गाडी उंच, फीचर्सनं ठासून भरलेली. नंदूला दाखवायला त्यानं वेग आपोआप धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल लावला, आणि समोर म्हैस! बंद करायचं बटण सापडेना. चुकून हँडलच्या ग्रिप गरम करायचं दाबलं. भर मे महिन्यात! शेवटी ब्रेक मारला तेव्हा म्हैस हातभर लांब.

"ब्रेक दाबला की क्रूझ सुटतं," बाळा घाम पुसत म्हणाला. "आत्ता कळलं!"

*

मग नंदूनं वहिनींच्या वजनाचं तांदळाचं पोतं मागच्या सीटवर बांधलं आणि कर्जतपर्यंत बाळाची आणि माझी, दोन्ही गाड्या आळीपाळीनं पळवल्या. गतिरोधकावर पोतं किती उडतं, ते आम्ही मागनं बघायचं. पोतं कमी उडालं, म्हणून माझी बुटकी क्रूझर जिंकली. नंदू खुशीत घरी सांगायला गेला.

वहिनी म्हणाल्या, "पोत्याला इचारलंत का, कंबर दुखली का म्हणून?"

*

म्हणून पोत्याच्या जागी मी! बाप रे! खडा दिसला की नंदू ब्रेक मारायचा. सारखं आपलं, "बरा हायस ना रं?" सायकलवाल्या एका आजोबांनी आम्हाला ओव्हरटेक केलं. वर विचारलं, "पेट्रोल संपलं काय रं?"

*

शेवटी तो रविवार उजाडला. माझ्या गाडीवर नंदू आणि वहिनी, मागनं बाळा आणि मी. वहिनींनी नंदूचा शर्ट गच्च धरलेला. चौक सुटलं तशी पकड सैल झाली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात लोधिवलीचं वळण आलं, आणि नंदूची गाडी थांबली. संपलं सगळं, म्हटलं!

नंदू उतरला. वळणावरची खडी पायानं चाचपली. वहिनी उतरायला लागल्या तर म्हणाला, "तू बस." इंजिन बंद केलं, हँडल धरलं आणि ती जडशीळ गाडी वहिनींसकट ढकलत निघाला. आम्ही धावलो तर ओरडला, "हात लावू नका रं!"

वळण संपलं तेव्हा तो घामानं निथळत होता. वहिनी सीटवर तशाच बसून होत्या. त्यांनी ओढणी नीट खोचली.

"अशीच गाडी घ्या," त्या म्हणाल्या. "आता बसा पुढं. आणि जरा जोरात घ्या!"