होडीआडचा खोकला

यमुनाताईंना पाहण्याआधी मी त्यांचा खोकला ऐकला. बोईसरच्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालो आणि चिंचणीत खोली घेतली, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी किनाऱ्याने धावायला निघालो, तर वाळूत ओढून ठेवलेल्या एका जुन्या होडीआडून असा खोकला आला की मी धावता धावता थबकलो. जाऊन पाहतो तो होडीच्या काठाला तिरकी फळी टेकवलेली, आणि तिच्यावर एक बाई पालथ्या पडलेल्या. पाय वर, डोकं खाली. मी उचलायला हात पुढे केला. माझ्या गळ्यातली शिट्टी त्यांना खालूनच दिसली असावी.

"ओ मास्तर, हात नका लावू! मी पडली नाय, छाती साफ करते हाय."

अर्ध्या तासाने त्या उठल्या, चूळ भरली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि माझ्या देखत धावत सुटल्या. मी आपला तोंडाचा आ वासून उभा.

यमुनाताईंना लहानपणी डांग्या खोकला झाला होता. त्यात श्वासनलिका कायमच्या सैल होऊन बसल्या, त्यांत कफ साठतो आणि साठला की सडतो. हा आजार जाणारा नव्हे. रोज सकाळी डोकं खाली करून तो कफ बाहेर काढायचा, मगच दिवस सुरू करायचा, असं पालघरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. दवाखान्यातला उतरता पलंग घरी कुठून आणणार? त्यांच्या यजमानांनी मोडीत निघालेल्या होडीला फळी लावून दिली. चालण्याचा सल्लाही डॉक्टरांचाच. धावणं मात्र ताईंनी स्वतःच्या मनाने वाढवलं आणि मागाहून डॉक्टरांकडून मंजूर करून घेतलं.

त्यामागे एक जुनी सल होती. कोळीवाड्यातली सगळी पोरं किनाऱ्यावर धावायची, आणि "तुला धाप लागते, तू बस" म्हणून यमुनेला वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करायला बसवलं जायचं. "माझा जल्म कावळे हाकलण्यात गेला मास्तर," त्या मला म्हणाल्या होत्या. "एकदा तरी माझ्या गावात मी धावत येणार. सगळ्यांच्या समोर." बोईसरहून निघून वळसे घेत चिंचणीच्या किनाऱ्यावर संपणारी एकवीस किलोमीटरची शर्यत त्यांच्या मनात तेव्हापासून बसली होती.

अंगणवाडी सेविका म्हणून ताईंनी केलेल्या कामाबद्दल या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलं आहेच. मी एकच प्रसंग सांगतो. त्यांचा खोकला ऐकून काही आयांनी मुलं पाठवणं बंद केलं. बाईंना क्षय आहे अशी कुजबुज. ताई ना रडल्या, ना कुणाशी भांडल्या. थुंकी तपासून घेतली आणि तो कागद अंगणवाडीच्या दाराला चिकटवला. वर म्हणाल्या, "क्षय नाय. असता तरी औषध घेऊन बरी झाली असती. त्यात लाज कसली?" आठवड्याभरात मुलं परत आली. कुजबुज करणाऱ्यांत ज्या आजीबाई सगळ्यांत पुढे होत्या, त्यांच्याच नातवाला ताईंनी सर्वांच्या आधी मांडीवर घेतलं.

आता मला जे लिहायचं आहे ते ताईंना आवडणार नाही. रागावू देत. गौरवग्रंथात लेखकाने स्वतःचं तोंड काळं करू नये असा काही नियम नाही.

शर्यतीसाठी त्यांना तयार करण्याचा विडा मी उचलला. शिट्टी आणि घड्याळ हातात असलं की मला जगाला शिकवायची खुमखुमी येते. ताईंची चाल संथ. मध्येच थांबायच्या, मेणबत्तीची ज्योत नुसती हलावी तशी हळू फुंकर मारत श्वास सोडायच्या, आणि पुन्हा निघायच्या. मी चरफडायचो. शेवटच्या पंधरवड्यात मी त्यांचा फळीवरचा अर्धा तास दहा मिनिटांवर आणला. तेवढाच सराव जास्त! "माझ्या छातीला घाई नाय चालत," त्या एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, तुम्हांला शर्यत पुरी करायची आहे ना?" त्या उठून बुटांच्या नाड्या आवळू लागल्या.

शर्यतीच्या सकाळी त्यांनी विचारलं, "फळी नेऊया ना बोईसरला?" मी म्हणालो, "आज एक दिवस राहू द्या." कारण वेळेचं दिलं. खरं कारण वेगळं होतं. रंगीत बनियनं घातलेल्या, फोटो काढणाऱ्या त्या गर्दीत त्या पालथ्या पडून खाकरणार, थुंकणार, आणि मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत उभा राहणार, याची मला लाज वाटली. दारावर कागद चिकटवणाऱ्या बाईंची मला लाज वाटली! आज लिहितानाही कान तापतात.

चौदाव्या किलोमीटरला त्यांनी रुमालात रक्त पाहिलं. मी घाबरून गेलो, त्या नव्हत्या. रस्त्याकडेला बसल्या, म्हणाल्या, "बस. आजच्यापुरतं एवढंच." पालघरला दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की दोष धावण्याचा नाही, कफ साठू दिला, तो नासला. त्यांचा मुलगा नितीन तिथेच भडकला, "आई, आता धावणं बंद!" मग त्याने विचारलं, "फळी सोडायला सांगितली कुणी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सांगतो कोण? मीच आळस केला."

मी तोंड मिटलं. इतकी वर्षं मिटलेलंच ठेवलं. त्या घरात जेवलो, सणाला गेलो, आणि ताईंनी एकट्यातसुद्धा कधी त्याची आठवण करून दिली नाही. नितीन, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर हे. फळी मी सोडायला लावली.

पुढच्या वर्षी नाव नोंदवताना ताईंनी मला एकच अट घातली, "शिट्टी घरी ठेवा." मी शिट्टी ठेवली आणि फळी उचलली. टेम्पोत घालून ती बोईसरला नेली, मैदानावरच्या कट्ट्याला टेकवली. ताई पालथ्या पडल्या, मी पाठीवर थापट्या मारायला लागलो. भोवती घोळका जमला. कारखान्यातला एक कामगार ओरडला, "अरे, मॅडम की तबीयत खराब है, गाड़ी बुलाओ!" ताई उलट्या पडल्यापडल्याच म्हणाल्या, "खराब नहीं है भाई, सफाई चालू है!" सगळे हसले, मीही हसलो, आणि माझी लाज कुठल्या कुठे गेली.

त्या दिवशी मी त्यांच्या मागे धावलो. त्या थांबल्या की मीही थांबायचो. सुरूची झाडं दिसू लागली तेव्हा शर्यतीची ठरलेली वेळ संपायला थोडीच मिनिटं उरली होती, तरी त्या एकदा थांबल्याच. शांतपणे फुंकर मारली आणि निघाल्या. शर्यत जिथे संपते ती कमान अजून उभी होती. कोळीवाडा किनाऱ्यावर उतरला होता. वाळवणावर बसलेल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या, कावळ्यांनी खुशाल बोंबील पळवले, आणि यमुनाताई आपल्या गावात धावत आल्या. वेळेच्या आत! मी मागे भोकाड पसरून रडत होतो, ते छायाचित्र कृपा करून या ग्रंथात छापू नये.

आज होडीला चार फळ्या आहेत. वाणगावपासून लोक येतात. कुणी फळीवर पडतो, कुणी चारचौघांत खुशाल दम्याचा पंप ओढतो. मग सगळे धावायला निघतात, ज्याच्या त्याच्या छातीच्या चालीने.

ताई, तुमची एकसष्टी झाली. तुमचा खोकला थांबो असं मी म्हणणार नाही. तो थांबणारा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी एवढंच मागतो, की मी म्हातारा होऊन अंथरुणाला खिळलो तरी रोज सकाळी होडीआडून तुमचा तो दणदणीत खोकला माझ्या खिडकीत यावा, आणि मी घरच्यांना सांगावं, "ऐकलंत? ताई निघाल्या धावायला."