सात शेतांची हमाली

मला बेळगावच्या एका इंजिनिअरनं फसवलं. त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती, ती गिळून तो माझ्याच पडवीत चहा पिऊन गेला. ह्याला मी फसवणूकच म्हणतो. कुणाला दुसरा शब्द सुचत असेल तर त्यानं माझ्या करपलेल्या रोपांपुढं उभं राहून तो बोलून दाखवावा.

बेळगुंदीच्या बाजूला माझी रोपवाटिका आहे. सायकलच्या कॅरिअरला वांग्या-मिरचीची रोपं बांधून मी खानापूरच्या बाजारात विकायला बसत असे, तिथून इथवर आलो. हिरवी जाळी, ट्रे, तुषारांचे पाइप, प्रत्येक वस्तू घासाघीस करून घेतली. मला येताना बघितलं की पाइपवाला आधी स्वतःच पाणी पितो. माझ्याकडचं रोप नेलं की ते लागतं, असं चार गावं म्हणतात. एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात कमावली आहे.

आमच्याकडं जत्रेच्या आधी गाव वार पाळतं. त्या दिवशी कुणी शेतात पाय टाकायचा नाही. जमिनीतलं पीक एक दिवस कळ काढतं. ट्रेमधल्या रोपाची मुळं मात्र चिमूटभर नारळाच्या भुशात असतात; उन्हाळ्यात सकाळचं पाणी चुकलं तर दुपारी ते मान टाकतं. एकदा वाराच्या दिवशी मी लपून पाणी मारायला गेलो आणि सापडलो. पंचांनी देवळासमोर उभं केलं.

"देवीपेक्षा तुझी वांगी मोठी व्हय रं?"

सगळं गाव हसलं. म्हणून मी त्या इंजिनिअरच्या काड्या घेतल्या.

काडी भुशात किंवा मातीत खोचायची. ती ओल मोजते, सुकलं की मोटर आपोआप सुरू होते. एकट्यासाठी परवडत नव्हतं, म्हणून शेजारच्या सात शेतकऱ्यांना मीच गोळा केलं. इंजिनिअरनं समजावलं, "अण्णा, काडी बहुतेक वेळ झोपलेली असते. मधून जागी होते, शेजारच्या काडीला निरोप देते, परत झोपते. एकीकडून दुसरीकडं करत निरोप मोठ्या डब्यात जातो, तिथनं तुमच्या फोनवर. झोपते म्हणून बॅटरी वर्षभर पुरते."

डबा शिवाराच्या मधोमध खांब रोवून बसवायचा असं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, डबा माझ्या शेडवर, नाहीतर मी बाहेर आणि माझ्यामागं हे सातही बाहेर. ज्याच्याकडं डबा त्याची सगळ्यांवर नजर, हा माझा हिशोब. इंजिनिअर माझ्या शेडकडं बघत जरा गप्प बसला. मग हसून हात पुढं केला.

"तुम्ही म्हणाल तसं, अण्णा. डबा तुमच्याकडं म्हणजे मुख्य तुम्हीच."

त्याचा खांब वाचला. आणि त्या गप्प बसण्यात त्यानं काय गिळलं ते मला उन्हाळ्यात कळलं.

डबा माझ्याकडं, म्हणून सातही शेतांचे निरोप माझ्या काड्यांवरून जाणार. त्यांच्या काड्या आपलं सांगून झोपायच्या. माझ्या काड्या प्रत्येकाचं ऐकायला जाग्या. त्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या राहिल्या त्या माझ्या बॅटऱ्यांच्या जिवावर.

जत्रेआधीचा वार आला. घरात सगळ्यांना मीच ऐकवलं, काडीला कुठला आलाय वार, ती बघते. देवळासमोर पंचांच्या शेजारी पाय पसरून बसलो. मधूनमधून फोन काढून बघायचो. ट्रेच्या रांगा हिरव्या, म्हणजे ओल आहे. पंचांना दाखवलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी उजाडताच शेडमध्ये गेलो तर मिरची, वांगी, टोमॅटो, सगळं आडवं. पानं चुरचुरत होती. फोनवर अजून हिरवंच. माझ्या काड्यांच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. काडी मेली की तिचं शेवटचं उत्तर तसंच दिसत राहतं, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या सातांचे निरोपही माझ्याच काड्यांवर अडले होते, पण त्यांचा ऊस, त्यांची रताळी जमिनीत. एका दिवसानं त्यांचं काही बिघडलं नाही. त्यातला एक बांधावर येऊन म्हणाला, "अण्णा, तुमच्या काड्यांनी आमची हमाली केली म्हणायची." मी खुरपं फेकलं. लागलं नाही, ह्याचं मला आजही फारसं समाधान नाही.

ज्यांना रोपांचा शब्द दिला होता ते टेम्पो घेऊन आले आणि रिकामे गेले. कुणी भांडलं नाही. एक म्हातारी तेवढं म्हणाली, "तुझ्याकडनं असं व्हईल असं न्हाय वाटलं, बाबा." पुढच्या हंगामात ती दुसरीकडं गेली.

इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "अण्णा, सगळ्या काड्यांची सरासरी काढली तर बॅटरी वर्षभर टिकतेच आहे."

"माझी रोपं सरासरीनं मेली व्हय रं?" मी ओरडलो. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

तरीही मी स्वतःची समजूत घातली असती, की शिकलेला असला तरी पोरगा आहे, त्याला आधी सुचलं नसेल. पण मध्यंतरी निपाणीला व्याह्यांकडं गेलो. त्यांची तंबाखूची वखार आहे. थप्पी आतून तापते, म्हणून त्यांनीही थप्प्यांत काड्या खोचल्या आहेत. मी विचारलं, डब्याजवळच्या आधी मरतात का?

"न्हाय की. त्यांची पाळी लावलीया," व्याही म्हणाले. "आज ह्या रांगेनं निरोप न्यायचे, उद्या त्या रांगेनं. डब्याजवळच्यांना छपरावरल्या सूर्याच्या पट्टीची वीज बी दिलीया."

"कुणी लावली पाळी?"

"तुमच्या बेळगावच्याच साहेबांनी. तुमच्याकडं बसवायच्या आधी आमच्याकडं आलतं ते."

आधी! पाटाच्या पाण्याची पाळी आमच्या शिवारात पोरंसुद्धा जाणतात. एका वाक्यात सांगितलं असतं तरी मला कळलं असतं. माझ्या दोन्ही अंगांच्या शेतांतल्या बांधालगतच्या काड्यांचा निरोपही थेट डब्यापर्यंत पोचला असता. भार तिघांत फिरवता आला असता.

डबा मी मागितला. पुन्हा मागेन, मागणं हे माझं काम आहे. त्यातला धोका सांगणं त्याचं काम होतं. डबा अजून माझ्या शेडवर आहे, मी तो उतरवलेला नाही. त्या इंजिनिअरनं यावं, त्याच पडवीत, आम्हा आठही जणांसमोर, त्या म्हातारीलाही बोलावतो. बसावं आणि सांगावं: निपाणीच्या वखारीला जी पाळी लावलीस, ती माझ्या रोपांना का लावली नाहीस?