साडूंची जपानी गाडी

माझ्या साडूंइतका एकनिष्ठ प्रियकर अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा झाला नसेल, आणि हे माझ्या मेव्हणीलाही मान्य आहे. त्यांचं प्रेम जडलंय ते एका गाडीवर. पन्नासेक वर्षांपूर्वीची जपानी स्पोर्ट्स कार. लांबलचक नाक, आखूड शेपूट आणि आत जेमतेम दोघांची सोय. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे साडूही तिचं नाव घेत नाहीत. नुसतं 'ती' म्हणतात. स्वतः मात्र साकीनाक्याच्या एका कारखान्यात पंख्यांच्या पात्यांची ड्रॉइंग काढून निवृत्त झाले आणि अजून स्कूटरवरच फिरतात.

तिचा इतिहास ते कुठेही सुरू करू शकतात. सुरुवात होते युद्धात होरपळलेल्या जपानपासून. मग जपान्यांच्या छोट्या, गरीब चेहऱ्याच्या गाड्या येतात, त्यांना हसणारे अमेरिकन येतात, आणि शेवटी 'ती' अमेरिकेच्या रस्त्यावर उतरून भल्याभल्या महागड्या गाड्यांना घाम फोडते, तेव्हा साडू रुमाल काढून स्वतःचंच कपाळ पुसतात. एका तेराव्याच्या जेवणात त्यांनी भटजींच्या पानापुढे वाट्या मांडून सहा सिलिंडर एका रांगेत कसे बसवलेत हे दाखवलं होतं. त्यात भटजींची आमटी गार झाली. शिवाय गाडीची बैठक जमिनीलगत असते, उद्या गुडघ्यांनी दगा द्यायला नको, म्हणून ते घरी जेवतात पाटावर, पाय समोर लांब पसरून. "वाढताना मला वळसा घालून जावं लागतं," असं ताई, म्हणजे माझी मेव्हणी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आणि मागच्या वर्षी ती खरोखरच सापडली. सांताक्रूझला, जहाजावरून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या कप्तानांच्या गॅरेजात, ताडपत्रीखाली. परदेशातून हौसेने आणलेली, पण वर्षानुवर्षं बंद. जागा अडते म्हणून ते ती विकायला निघाले होते. साडूंनी निवृत्तीची पुंजी याच दिवसासाठी राखली होती, आणि ही हुकली तर या जन्मात दुसरी मिळणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ताईने नारळ, लिंबं आणि हार पिशवीत भरून दिला आणि बजावलं, "आवडली म्हणायचं नाही हं. नाक मुरडायचं, गंज दाखवायचा. तरच भाव उतरेल." रिक्षात साडूंनी माझ्यासमोर तालीम केली. टायर गेलेत, सीट फाटलीय, रंग विटलाय.

ताडपत्री निघाली. "रंग विटलाय," साडू म्हणाले, पण ते सांत्वन केल्यासारखं वाटलं. मग कप्तानांनी बॉनेट उघडलं आणि आमचा माणूस हातातून गेला. त्यांनी आधी चपला काढल्या. मग युद्ध, जपान, अमेरिका, सगळं सुरू झालं. मी दोनदा कोपराने ढोसलं, ते त्यांना लागलंही नाही. कप्तान रंगाच्या डब्यावर बसून ऐकत होते. ऐकता ऐकता उठले आणि खिशातल्या रुमालाने हेडलाइट पुसायला लागले. तेव्हाच मी ओळखलं, वाट लागली.

"इतकी वर्षं घरात आहे यार, आणि मला पत्ताच नाही ना," कप्तान म्हणाले. "माफ कर रे बाबा. आता मी नाही विकत."

निघताना साडूंनी पिशवीतला हार तिलाच घातला. परतीच्या रिक्षात मी चिडून विचारलं, "जरा गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तिच्यासमोर तिलाच नावं ठेवायची?" ते म्हणाले. "ते नाही रे जमलं."

आता दर रविवारी ते सांताक्रूझला जातात आणि दोघं म्हातारे मिळून तिची दुरुस्ती करतात. परवा ती सुरू झाली, म्हणून साडू मलाही घेऊन गेले. कप्तानांनी किल्ली साडूंच्या हातात ठेवली. "चालव. पहिला मान तुझा." साडूंनी ती थोडा वेळ मुठीत धरली आणि परत केली.

"एकदा चालवली ना, की मला घरी जाववणार नाही," असं म्हणून ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

मला कप्तानांचा राग आला, साडूंचाही आला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा साडूंचा हात खिडकीबाहेर होता आणि दाराच्या पत्र्यावरून सावकाश फिरत होता.